शनिवारची बाटली

शनिवार, ७

आज पुन्हा "छान आहे." बस्स, एवढंच.

आजवर मी रोजची टिपणं ठेवली ती कामासाठी. कुठल्या इमारतीची लिफ्ट, कुठला दोर घासलाय, कुठलं दार अडकतंय. घरातलं कधी लिहिलं नाही. आता लिहितोय, कारण सांगणार कोणाला? धाकट्या मेहुणीला सांगावं तर तासाभरात गावभर. आणि माझ्या पोटात काही राहत नाही असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे.

आमच्या घरी एक नियम आहे. शनिवारी संध्याकाळी मी वाइनची बाटली आणायची, बूच काढायचं, दोन ग्लास भरायचे. मग ही ग्लासात नाक घालणार, डोळे मिटणार आणि एक वाक्य बोलणार. तिचं वाक्य झाल्याशिवाय मी घोट घ्यायचा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी गंमत म्हणून सुरू झालं, मग नियम झाला. बाटली मात्र कायम तीच. लेबलवर निळा पक्षी असलेली, दुकानाच्या दारातून आत गेल्यावर तिसरी मांडणी, बरोबर डोळ्यांच्या उंचीला. मी शिरतो, पक्षी उचलतो, पैसे देतो, निघतो. आजूबाजूला बघतसुद्धा नाही. एकदाच स्वतःच्या अकलेने दुसरी बाटली आणली होती, हिच्या ऑफिसातले लोक जेवायला होते तेव्हा. खोकल्याच्या औषधासारखी गोड निघाली. मंडळी सभ्य होती, कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

हिच्या कंपनीत साबण आणि तेलं बनतात. कुठला वास बाजारात जाणार आणि कुठला मोरीत ओतायचा, ते ही ठरवते. तिथे तिला सगळे 'नाक' म्हणतात आणि ती ते पदवीसारखं मिरवते. त्या एकाच बाटलीत तिला दर शनिवारी वेगळं काहीतरी सापडायचं. "आज कोणीतरी नव्या चपला घालून आलंय." "आज शाळेचं दप्तर. डबा सांडलेलं." "आज भांडून आलेली बाई आहे, अजून गरम आहे." मग मी प्यायचो आणि मला खरंच तसं लागायचं. एकट्याने प्यायलो असतो तर नुसती लाल वाइन लागली असती.

गेल्या महिन्यात तिला मोठा ताप येऊन गेला. तेव्हापासून प्रत्येक शनिवारी "छान आहे". डोळेही मिटत नाही.

माझा निष्कर्ष असा की पक्षी संपला. त्या बाटलीत जेवढं होतं तेवढं हिने काढून घेतलं. बाटली आणणाऱ्यातलंही काढून झालं असेल. हे शेवटचं वाक्य एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं.

नवी बाटली आणायची.

मंगळवार, १०

कामावरून परतताना दुकानात गेलो. वार चुकला म्हणून दुकानवाली ताई चकित झाली.

"आज मंगळवार, साहेब. तुमचा पक्षी शनिवारी उडतो ना?"

"काहीतरी वेगळं बघतोय."

"कशासाठी?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. बायकोला आता माझा कंटाळा आलाय असं दुकानात सांगता येत नाही. "पाहुणे येणारेत," म्हणालो.

"कोण पाहुणे?"

"साहेब. माझे. बायकोसकट."

"जेवायला काय?"

"मासे," मी ठोकून दिलं. साहेब मासे खातात की नाही, देव जाणे.

तिने पांढऱ्या वाइनची अख्खी भिंत दाखवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी भिंतीसमोर उभा. किल्ले, घोडे, कोणाच्या तरी सह्या, सोनेरी पदकं. लिफ्टमध्ये कसं, पाटी असते: एवढी माणसं, एवढं वजन, त्यापुढे जाऊ नका. इथे सरळ असं काही लिहिलेलंच नाही. एक बाई आली, बाटली उचलली, मागे वाचलं, मान हलवली, घेऊन गेली. मीही एक उचलली, मागे वाचलं, मान हलवली आणि परत ठेवली. तळहाताला घाम सुटला होता. पन्नाशी उलटलेला माणूस, विसाव्या मजल्यावरून खाली बघताना ज्याचे पाय लटपटत नाहीत!

शेवटी पक्षीच घेऊन बाहेर पडलो. "साहेबांनाही पक्षी आवडतो म्हणायचा," ताई म्हणाली.

शनिवार, १४

आणली. बुडबुडेवाली. ती निवडण्यामागे अक्कल नव्हती, ती दाराजवळ होती एवढंच.

हिने बाटली पाहिली आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मग मिटलं. ग्लासात नाक घातलं. मी वाट बघत होतो. ती वर बघून म्हणाली, "छान आहे." मग प्यायली, आणि पापण्या फडफडवत म्हणाली, "अरे, टोचतंय. जिभेला टोचतंय." दुसरा ग्लास मागितला. मी ओतला, पण मनातून उतरलो. टोचतंय ही काय तारीफ झाली? बहुतेक माझ्यासाठी नेटाने संपवली.

आज दूधही गेलं. ही ओट्याला लागूनच्या खुर्चीत पेपर वाचत बसली होती. मी जिन्यात होतो, तिथे मला करपल्याचा वास आला आणि मी धावलो. पातेलं काळंठिक्कर. ही हातभर अंतरावर होती आणि मी ओरडेपर्यंत हलली नाही. मग इतकी घाबरली की पातेलं हातातच धरून उभी राहिली.

"कुठे असतं तुझं लक्ष?" मी म्हणालो. जरा जोरातच.

"इथेच होतं," ती म्हणाली.

खरं सांगतो, मला भीती वाटते. हिचं मन या घरात नाही.

बुधवार, १८

ही सकाळी म्हणाली, "आज ऑफिसात उशीर होईल." दुपारी तिला किल्लीचं विचारायचं होतं, मोबाइल उचलेना, म्हणून ऑफिसात लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम सुट्टीवर आहेत ना अजून? आता बऱ्या आहेत का?"

"हो हो, बऱ्या आहेत," मी म्हणालो, आणि फोन ठेवून एका अनोळखी इमारतीच्या मशीनरूममध्ये बसून राहिलो. रोज सकाळी डबा घेऊन जाते ती. मग कुठे जाते?

विचारलं नाही. विचारायला हवं होतं. संध्याकाळी आली तर मीच जास्त गोड बोलत होतो, जसा काही गुन्हा माझा आहे.

गुरुवार, १९

अजून एक. सकाळी ही न्हाणीघरात दार लावून बराच वेळ असते. पाणी वाजत नाही. मला वाटलं फोन. आज ती गेल्यावर आत जाऊन कपाट उघडलं. टॉवेलांच्या मागे चार छोट्या तपकिरी बाटल्या, ओळीने. उघडून हुंगल्या. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. चारही वास असे की नाकात मुंगी जावी.

कामाचे नमुने असतील. पण सुट्टीवर असलेल्या माणसाने नमुने कशाला आणावेत, आणि टॉवेलांच्या मागे का? कोणी दिल्या असतील तर असल्या भेटी कोण देतं? माझी भेट म्हणजे कायम तो पक्षी.

बाटल्या होत्या तशा ठेवल्या. गुलाबाचं झाकण जरा सैल राहिलं असावं. दिवसभर बोटांना वास येत होता आणि दिवसभर मी बोटं हुंगत होतो.

शनिवार, २१

आता मी अंगात आल्यासारखा दुकानात जातो. परवा एक, काल एक, आज एक. काल-परवाच्या ऑफिसातल्या कपाटात आहेत, सगळ्या एकदम घरी आणल्या तर ही विचारेल. ताईला सांगितलं की साहेब पुन्हा येणारेत.

"मासे आवडले वाटतं."

"या वेळी मटण," मी म्हणालो. साहेबांचा संसार आता मला नीट दिसायला लागलाय. त्यांना दोन मुली आहेत, धाकटी चिडकी आहे.

थोडं जमायला लागलं आहे, हे मात्र कबूल करायला हवं. आज मी स्वतःहून म्हणालो, "लाल, जरा जड, पण गोड नको." असं वाक्य माझ्या तोंडून निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिने दोन बाटल्या पुढे ठेवल्या आणि मी लगेच एक उचलली.

दाढीनंतर लावायचं पाणीही बदललं. कामावर दोघांनी विचारलं, लिफ्टमध्ये एका बाईने वळून बघितलं. घरी ही माझ्या खांद्याशी खांदा लावून बसली होती. चकार शब्द नाही. जिला दारातूनच कळायचं की मी आज कोणाच्या गाडीतून आलो!

जड लाल वाइन: "छान आहे."

मी विचारलं, "छान म्हणजे काय छान?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली जसा मी परीक्षेचा पेपर पुढे ठेवलाय. मग म्हणाली, "सगळंच छान रे. तू एवढं करतोस." आणि माझ्या हातावर हात ठेवला. मला रडू आलं, मी भांडी घासायला उठलो.

बुधवार, २५

आज मी तिच्या मागे गेलो. लाज वाटते लिहायला, पण गेलो.

ती चौकातल्या त्या काचेच्या इमारतीत शिरली. ती इमारत माझ्याकडेच आहे, तिच्या दोन्ही लिफ्ट दर सहा महिन्यांनी मी तपासतो. मी खांबाआड उभा राहून लिफ्टच्या वरचे आकडे बघत होतो. एक, दोन, तीन, चार. चारवर थांबली.

चौथ्या मजल्याची पाटी मला पाठ आहे. नाचाचा क्लास, वकील, कान-नाक-घशाचा डॉक्टर. नाचाचा क्लास संध्याकाळी असतो. कान-नाक-घसा तर हिचं ठणठणीत आहे, नाकावर आमचं अर्धं घर चालतं. राहिला कोण?

वकील.

खाली उतरली तेव्हा तिचे डोळे लाल होते. हातात कागदाचं पाकीट होतं. मी खांबाआड तसाच उभा होतो. बाहेर जाऊन तिच्यासमोर उभं राहावं असं वाटत होतं, आणि मी लिफ्टचे आकडेच बघत राहिलो.

म्हणजे ठरलंय तर. तिला सांगायचं आहे आणि ती योग्य वेळ शोधतेय. म्हणून मघाशी, नव्हे शनिवारी, हातावर हात ठेवला. असा हात माणूस निरोप घेताना ठेवतो.

शुक्रवार, २७

जेवण नाही, झोप नाही. मेहुणीचा फोन आला, "भावोजी, ताई कशी आहे?" असं म्हणाली, तेही आवाज खाली करून. म्हणजे तिला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, एक मी सोडून.

उद्या शनिवार. उद्याची बाटली अशी आणतो की हिला बोलावंच लागेल.

शनिवार, २८

आज दुकानात ताईला काही विचारलं नाही. सरळ मागे गेलो, सगळ्यात खालच्या मांडणीपाशी वाकलो आणि धूळ बसलेली एक जुनी बाटली काढली. लेबल पिवळं पडलेलं. कोणाला आवडेल, कशाबरोबर प्यायची, काही विचार केला नाही. "ही द्या," म्हणालो.

"ती बरेच दिवस पडून आहे हं, साहेब. कशी निघेल सांगता येत नाही."

"निघेल तशी निघेल."

"पाहुण्यांना चालेल?"

"चालेल."

तिने धूळ पुसून दिली. दुकानातून असा ताठ मी कधीच बाहेर पडलो नव्हतो. तीस वर्षं दोर तपासले, सुटला तर काय होईल याचाच विचार केला. आज म्हटलं, सुटू दे.

घरी बूच काढताना अर्धं तुटून आत गेलं. गाळून ओतली. माझा ग्लास लांब ठेवला, नियमाप्रमाणे. हिने माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे, कारण तिचं एकदम पडलं. मग तिने ग्लास उचलला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. कितीतरी शनिवारांनंतर डोळे मिटले!

"आज," ती म्हणाली, "आज यात उन्हात वाळवलेली चादर आहे. नुकतीच दोरीवरून काढलेली. अजून ऊन आहे तिच्यात."

माझ्या अंगावरून ओझं उतरलं. मी जवळजवळ हसलोच. ग्लास तोंडाला लावला.

लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो. पावसाचं पाणी झिरपून त्यात साचतं, पुठ्ठे आणि चिंध्या कुजतात, आणि दार उघडलं की जो भपकारा येतो तो माझ्या ओळखीचा आहे. तोच वास. त्याच्यात तसूभर फरक नाही. मी घोट मोरीत थुंकला.

ही आपला ग्लास अर्धा पिऊन बसली होती आणि माझ्याकडे आशेने बघत होती.

"परत वास घे," मी म्हणालो.

"घेतला की."

"परत घे."

तिने घेतला. काहीच झालं नाही. नाकपुडी हलली नाही, कपाळाला आठी पडली नाही. पूर्वी शेजारच्या घरी शिळा भात राहिला तरी नाक मुरडणारी ही बाई सडक्या पाण्यात नाक घालून बसली होती, आणि मी काय म्हणतो त्याची वाट बघत होती. तेव्हा मला कळलं. दूध, दाढीचं पाणी, त्या चार बाटल्या, सगळं एकदम.

"खराब आहे का?" तिने हळूच विचारलं.

"खड्ड्यासारखी आहे."

तिने ग्लास खाली ठेवला. "मला काही येत नाही रे," ती म्हणाली. "तापानंतर काहीच येत नाही. तुझा वास येत नाही. माझा येत नाही. जेवण म्हणजे ओला कापूस चावल्यासारखं लागतं."

"मग तो वकील?"

"कुठला वकील?"

"चौथ्या मजल्यावरचा."

"तू माझ्या मागे आलास?" मग तिला सगळा उलगडा झाला आणि ती हसायला लागली, इतकी की टेबल धरावं लागलं, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला धरलं. ती माझ्या मानेत नाक खुपसून रडली. नंतर म्हणाली, "बघ, इथेसुद्धा काही नाही."

रविवार, २९

सकाळपासून बोलतोय. डॉक्टर म्हणतो, येईल, नाहीतर येणार नाही, सांगता येत नाही. रोज त्या चार बाटल्या हुंगायच्या आणि लवंग म्हणजे काय ते आठवायचं. ती न्हाणीघरात बसून आठवते. मला कळू नये म्हणून डबा घेऊन निघते आणि बागेत बसून खाते; सुट्टी वाढवत राहिली, ऑफिसात कळलं तर त्या खुर्चीत कोणाला तरी दुसऱ्याला बसवतील म्हणून. उद्या दोघं जाऊन सांगणार आहोत. मेहुणीला माहीत होतं, तिने चक्क पोटात ठेवलं. मलाच सांगितलं नाही.

"का?" मी विचारलं. वाईट वाटलं होतं, तसं बोललोही.

"ऑफिसात नाक नसलं तर नोकरी जाईल," ती म्हणाली. "पण तू शनिवारी माझ्या तोंडाकडे ज्या डोळ्यांनी बघतोस ना, ते बघणं जाईल असं वाटलं. माझ्याकडे दुसरं काय होतं तुला द्यायला?"

मी तिला वेडी म्हणालो. मग सांगितलं की मला वाटत होतं माझ्याकडे पक्ष्याशिवाय काही नाही. दोघांनीही एकमेकांना चिकार शिव्या दिल्या. बरं वाटलं.

शनिवार, ५

दुकानात शिरलो तशी ताईने विचारलं, "कसे आहेत पाहुणे?"

"पाहुणे नव्हतेच हो कधी."

"माहितीये," ती म्हणाली. "इतकी वाइन पिणारा साहेब असता तर तुम्ही असे घाबरत आला नसता. आज काय?"

"माहीत नाही. बघतो."

आणि मी बघत फिरलो. कोणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं, पण ते त्या पहिल्या मंगळवारइतकं नव्हतं. शेवटी एक पांढरी घेतली, साध्या लेबलची, ना किल्ला ना घोडा. ती का घेतली याला कारण नाही. कधी प्यायली नव्हती, एवढंच.

घरी ग्लास भरले. ही हात मांडीवर ठेवून बसली. "आता मी पिणार नाही," ती म्हणाली. "तुझं वाक्य झाल्याशिवाय."

मी? मला घाम फुटला. ग्लासात नाक घातलं. डोळे मिटले. आधी काहीच आलं नाही, नुसती वाइन. मनात आलं, काहीही ठोकून द्यावं, पाहुण्यांसारखं. चादर, ऊन, काहीही. तिला कळणार नाही. पण तिला कळणार नाही म्हणूनच ते करता येईना. जे आहे तेच सांगणं भाग होतं.

"हिरव्या सफरचंदाची साल," मी म्हणालो. "आणि खडू. फळा पुसल्यावर उडतो तो."

"अजून?"

"अजून... नवी लिफ्ट बसवतात ना, पहिल्या दिवशी आतल्या पत्र्याला येतो तो. थंड." मग एक घोट घेतला आणि खरं ते बोललो. "मला नाही आवडली. दात आंबले. चुकली बाटली."

तिने ग्लास उचलला, मोठा घोट घेतला, आणि तिचे खांदे आखडले. डोळे बारीक झाले, तोंड वाकडं झालं. मी घाबरलो. तिने तो घोट तोंडात तसाच धरून ठेवला, मग गिळला.

"आंबट आहे," ती म्हणाली. "अरे, आंबट आहे! हे येतंय मला." पुन्हा एक घोट घेतला, पुन्हा तोंड वाकडं केलं, आणि माझ्याकडे बघितलं, ताप येण्याआधी बघायची तशी. "त्या बुडबुड्यांचंही असंच झालं होतं. टोचतं ते कळतं. आंबट कळतं. तेवढंच राहिलंय, पण ते आहे."

माझा ग्लासही तिनेच संपवला. मी सफरचंद आणि खडू पुन्हा सांगितले, तिने मागितले म्हणून.

सोमवारी कामावरून येताना ताईला विचारायचं आहे, याहून आंबट काय आहे तुमच्याकडे. कोणासाठी असं तिने विचारलं, तर बायकोसाठी म्हणून सांगायचं.